सर्दी गेली तरी छाती मोकळी का होत नाही? विषाणू आणि मुलांचे जुनाट फुप्फुसविकार: सातारा-सांगलीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनच्या मध्याला शाळा-अंगणवाड्या भरतात, त्याच सुमारास पाऊस लागतो, आणि जुलै उजाडेपर्यंत महाबळेश्वरापासून जतपर्यंत घराघरात एकच तक्रार असते: "पोराची सर्दी हटत नाही, छातीत कफ भरलाय." यातली बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. थोड्या मुलांमध्ये मात्र सर्दीचा विषाणू आधीपासून असलेला फुप्फुसाचा विकार उघडा पाडतो, आणि त्याहून थोड्यांमध्ये नवा विकार मागं ठेवून जातो. या तिघांमधला फरक ऐन आजारपणात कळत नाही. तो कळतो दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत. म्हणून खालच्या उत्तरांत "मधल्या दिवसांत मूल कसं असतं?" हा उलट प्रश्न पुन्हापुन्हा येईल.

वर्षात किती वेळा सर्दी झाली तर काळजी करायची?

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात सहा ते आठ सर्दी होणं नेहमीचं आहे. अंगणवाडीत किंवा बालवाडीत पहिलंच वर्ष असेल, घरात शाळेत जाणारं मोठं भावंडं असेल, तर दहा-बाराही होतात. एक सर्दी दहा ते चौदा दिवस रेंगाळते. आठ सर्दी म्हणजे वर्षाचे तीन महिने नाक गळतं, आणि तेही बहुतेक जून ते फेब्रुवारी या काळात एकाला एक जोडून. त्यामुळं "सारखंच आजारी" वाटतं.

आकड्यापेक्षा मधले दिवस बघा. सर्दी ओसरल्यावर मूल आठ-दहा दिवस तरी पूर्ण मोकळं असतं का? रात्री न खोकता झोपतं का? वजन वाढतंय का? पळताना बरोबरीच्या पोरांमागं राहत नाही ना? ही उत्तरं चांगली असतील तर आठ काय, दहा सर्दीही चालतात. उत्तरं वाईट असतील तर वर्षातल्या चारच सर्दींचीही चौकशी करायला हवी.

साधा सर्दीचा विषाणू, मोठ्यांना नुसतं नाक गळतं. लहानाला एवढी धाप का लागते?

मुख्य कारण नळीची रुंदी. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा सोळा पटीच्या घरात जातो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला आतून एक मिलिमीटर सूज आली तर फारसं जाणवत नाही. बाळाच्या नळीत तेवढ्याच सुजेनं अर्धी वाट बंद होते.

दुसरं कारण आतलं अस्तर. श्वासनलिकांच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखी लव असते, ती सतत हलून कफ वर ढकलत राहते. विषाणू नेमक्या याच पेशींमध्ये वाढतो आणि त्या झडतात. झडलेल्या पेशी, कफ आणि सूज मिळून बारीक नळ्यांना बूच बसतं. नवी लव यायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ताप तीन दिवसांत गेला तरी खोकला वीस दिवस का राहतो, याचं उत्तर इथं आहे. तेवढ्यात दुसरा विषाणू आला तर अस्तर अजून कच्चंच असतं, आणि जंतूंनाही चिकटायला जागा मिळते.

तिसरं, फुप्फुसातले हवेचे फुगे जन्मावेळी पूर्ण तयार नसतात. ते पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्यानं वाढतात. या काळात बसलेला जबर फटका पुढं जाणवू शकतो, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत तर जास्तच.

नेमके कोणते विषाणू?

आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा दोन वर्षांखालच्यांचा मुख्य. दुसरा वाढदिवस होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. ऱ्हायनोव्हायरस हा सर्दीचा राजा. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून एकदा झाला की संपला असं होत नाही. त्यातला 'सी' गट घरघर आणि दम्याच्या झटक्यांशी जास्त जोडलेला आहे. इन्फ्लुएन्झा आपल्याकडं पावसाळ्यात जोर धरतो. पॅराइन्फ्लुएन्झानं घसा बसून कुत्रं भुंकल्यासारखा खोकला येतो. एचएमपीव्हीचा (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरसचा) २०२५ च्या जानेवारीत बातम्यांनी बराच गाजावाजा केला, पण तो २००१ मध्येच ओळखला गेला आहे आणि मुलांमध्ये फिरतच असतो. राहिले गोवर आणि ॲडेनोव्हायरस. हे दोघं कमी वेळा गाठतात, पण कायमची खूण ठेवण्याची ताकद यांच्यात जास्त. त्याबद्दल पुढं.

सहा महिन्यांच्या बाळाला ब्रॉन्किओलायटिस (विषाणूनं बारीक श्वासनलिकांना येणारी सूज) झाला, चार दिवस ऑक्सिजनवर होतं. आता दमा होणार का?

होईलच असं नाही. अशा बाळांना पुढची दोन-तीन वर्षं सर्दीबरोबर छातीत घरघर होण्याची शक्यता मात्र इतरांपेक्षा जास्त असते. अमेरिकेतल्या टक्सन शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलं सहाव्या वर्षापर्यंत त्यातून बाहेर पडली होती.

राहिलेल्यांबद्दल खरा वाद आहे: विषाणूनं दमा लावला, की दम्याच्या वाटेवरच असलेलं फुप्फुस विषाणूनं फक्त दाखवून दिलं? आरएसव्ही टाळणारं प्रतिपिंडाचं इंजेक्शन दिलेल्या कमी दिवसांच्या बाळांत पहिल्या वर्षीची घरघर कमी झाली, पण सहाव्या वर्षी फुप्फुसाची ताकद दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे निदान काही मुलांत आरएसव्ही हा निरोप्या असतो. ऱ्हायनोव्हायरसनं होणारी घरघर, विशेषतः दोन-तीन वर्षांच्या वयात, पुढच्या दम्याशी जास्त घट्ट जोडलेली दिसते.

घरच्यांनी लक्ष ठेवायच्या गोष्टी: आई किंवा वडिलांना दमा आहे का, बाळाच्या गालांवर-कोपरांच्या लवणीत खाजरा इसब आहे का, आणि सर्दी नसतानाही हसताना, रडताना, पळताना खोकला-घरघर होते का. शेवटची खूण सगळ्यात बोलकी.

ब्रॉन्किओलायटिसमध्ये वाफ, स्टेरॉइड, अँटिबायोटिक यांतलं काय उपयोगी?

बहुतेक बाळांना यांतलं काहीच नाही. उपयोगी पडतं ते नाक मोकळं ठेवणं, पोटात दूध-पाणी जाणं आणि गरज असेल तर ऑक्सिजन. दुधापूर्वी प्रत्येक नाकपुडीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मीठ-पाण्याच्या थेंबांचे दोन-तीन थेंब टाका, मग पाजा. एका वेळी कमी, पण जास्त वेळा. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात जड असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दाखवून आणलं आणि "बरं आहे" म्हणाले, तरी चौथ्या दिवशी डोळ्यात तेल घालून बघा. तीन महिन्यांखालचं बाळ मात्र घरी थांबवून बघत बसू नका, ते मध्येच श्वास घ्यायचं थांबू शकतं.

श्वास जोरात चाललाय हे घरी कसं ओळखायचं?

अंगावरचा शर्ट वर करा. मूल शांत किंवा झोपलेलं हवं, रडत किंवा पीत असताना मोजू नका. घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद पोटाचं वर-खाली होणं मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर लहान बाळात हमखास चुकतं, कारण त्यांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद.

आता आकडा सोडा आणि छाती बघा. श्वास घेताना खालच्या बरगड्या आत ओढल्या जातात, गळ्याखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ-जीभ निळसर दिसते, मूल पिणं सोडतं, मलूल पडतं, नेहमीच्या निम्मीही लघवी करत नाही: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघायचं. १०८ ला फोन करा. जतच्या पूर्वेकडून मिरज-सांगली गाठायला किंवा कोयनेच्या आतल्या वाडीवरून कराडला यायला लागणारा वेळ हिशेबात धरा. तिथल्या पालकांनी शहरातल्यांपेक्षा तासभर आधीच निर्णय घ्यायला हवा.

बोटाचं ऑक्सिजन यंत्र असेल तर ते हात गरम असताना, नेलपेंट काढून आणि मूल न हलता लावा. आकडा निदान अर्धा मिनिट स्थिर राहिला तरच खरा. मोठ्या माणसाचा चिमटा बाळाच्या बोटावर बसत नाही आणि भलताच आकडा दाखवतो. ९२ च्या खाली असेल तर थांबू नका. ९६ असेल पण बरगड्या ओढल्या जात असतील, तरीही थांबू नका.

मुलाला दमा आहे, पण झटका फक्त सर्दी झाली की येतो. मग रोजचा पंप कशाला?

शाळकरी मुलांच्या दम्याच्या झटक्यांपैकी दहात आठांच्या आसपास झटक्यांमागं विषाणू सापडतो, त्यामुळं निरीक्षण बरोबर आहे. पण विषाणू घरात सगळ्यांनाच झालेला असतो, धाप एकालाच लागते. कारण त्याच्या श्वासनलिकांना आधीपासून थोडी सूज असते आणि विषाणूला रोखणारी तिथली पहिली फळीही कमी पडते. रोजचा प्रतिबंधक पंप, म्हणजे बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन, ही आतली सूज खाली ठेवतो. सर्दी तरी होणारच, पण ती नाकापाशी थांबण्याची शक्यता वाढते.

पाच वर्षांखाली फक्त सर्दीपुरतीच घरघर असेल आणि मधले दिवस अगदी स्वच्छ असतील, तर रोजच्या पंपाची गरज नसतेही. ते डॉक्टरांनी मुलागणिक ठरवायचं.

एक चूक आपल्या भागात दरवर्षी होते. उन्हाळ्यात मूल छान असतं, म्हणून मे महिन्यात पंप आपणहून बंद होतो. सूज हळूहळू परतते, आणि नेमकी जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदम सुरू होतात. जुलैत भरती. डोस कमी करायचा असेल तर निदान तीन महिने पूर्ण आराम असावा आणि डॉक्टरांना विचारून तो अशा वेळी कमी करावा की पुढचे दोन महिने तरी सर्दीचा हंगाम नसेल. पावसाच्या तोंडावर कधीच नाही.

पंपाची सवय लागते, उंची खुंटते, असं घरातली मोठी माणसं म्हणतात.

सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच. उंचीचं म्हणणं अगदी खोटं नाही: रोज वर्षानुवर्षं घेतल्यावर पूर्ण वाढीच्या उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. वारंवार धाप लागणारं, रात्री न झोपणारं, खेळ सुटलेलं मूल जास्त खुंटतं, आणि दर झटक्याला तोंडावाटे दिलं जाणारं स्टेरॉइड पंपापेक्षा शेकडो पट मोठ्या मापाचं असतं. पंपानंतर चूळ भरून थुंकायची. बाळ असेल तर ओल्या फडक्यानं तोंड आणि मास्कखालचे गाल पुसायचे.

पंप देतो तरी फरक नाही. काय चुकत असेल?

औषध बदलण्यापूर्वी हात तपासा. दहातल्या निम्म्या तक्रारी इथंच सुटतात, असं म्हटलं तर फार वावगं ठरणार नाही.

झाकण काढा. पंप पाच-सहा वेळा जोरात हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर दोन फवारे हवेत सोडा. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, तिच्या मागच्या भोकात पंप उभा बसवा. चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लावा आणि तो नाक-तोंडावर फट न ठेवता बसवा. गालाजवळ बोट शिरेल एवढी फट असली तर अर्धं औषध तिथंच जातं. एकच फवारा दाबा. मास्क तसाच धरून पाच-सहा श्वास होऊ द्या, झडप टकटक हललेली दिसते. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दुसरा फवारा. चार-पाच वर्षांच्या पुढं मास्क काढून तोंडात नळी धरायची आणि संथ श्वास घ्यायला शिकवायचं.

नेहमीच्या चुका: दोन फवारे एकदम मारणं, मूल किंचाळत रडत असताना देणं (रडण्यात औषध छातीत जवळजवळ पोचत नाही, झोपेत द्यायचा प्रयत्न करा), स्पेसरशिवाय थेट तोंडात फवारणं, आणि रिकामा पंप मारत राहणं. बहुतेक पंपांत २०० फवारे असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन असतील तर पन्नास दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख पंपावर पेननं लिहा. पाण्यात टाकून तरंगतो का ते बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही.

स्पेसर दोन आठवड्यांतून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, हलकेच काढा, आणि फडक्यानं न पुसता वाळू द्या. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

आणखी एक गोंधळ: प्रतिबंधक आणि तातडीचा, हे दोन वेगळे पंप असतात. रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळं रंगावर जाऊ नका, नाव वाचा. साल्बुटामॉल किंवा लेव्होसाल्बुटामॉल लिहिलंय तो तातडीचा.

झटका आला आणि दवाखाना लांब आहे. तोवर काय करायचं?

मुलाला बसतं करा, आडवं नको. १०० मायक्रोग्रॅमचा साल्बुटामॉल पंप स्पेसरमधून द्या: पाच वर्षांपर्यंत दोन ते सहा फवारे, सहा वर्षांपुढं चार ते दहा, प्रत्येक फवारा सुटा. वीस मिनिटांनी बघा. धाप असेल तर पुन्हा तेवढेच, पहिल्या तासात तीन वेळांपर्यंत, पण दुसऱ्या वेळेला घरात बसून नाही, वाटेत. आराम पडला पण तीन-चार तासांच्या आत पुन्हा लागला, तरी त्याच दिवशी दाखवा. नेमके फवारे किती हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजला किंवा देव्हाऱ्याजवळ, सगळ्यांना दिसेल तिथं लावा.

घरी नेब्युलायझर (पातळ औषधाची बारीक वाफ करणारं विजेचं मशीन) घ्यावा का?

बहुतेकांना गरज नाही. स्पेसर नीट दिला तर तेवढंच काम होतं, वीज लागत नाही, खर्चही बराच कमी. मशीन असलंच तर औषधाचा कप आणि मास्क रोज धुऊन वाळवा, शेजारच्या पोराला तोच मास्क लावू नका, नळाचं पाणी घालू नका. आणि मशीन हाताशी असल्यामुळं दवाखान्यात जायला उशीर होऊ देऊ नका. चार-चार तासांनी "वाफ" देऊन दोन रात्री काढलेलं मूल तिसऱ्या दिवशी फार थकून येतं.

मोठा न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला. घरी येऊन दोन महिने झाले तरी श्वास जलदच आहे. का?

इथं विषाणूनं खूण ठेवली असण्याची शंका घ्यायची. ॲडेनोव्हायरसचे ३, ७ आणि २१ हे प्रकार, तसंच गोवर, बारीक श्वासनलिका इतक्या भाजून काढतात की बऱ्या होताना त्या व्रणानं आकसतात किंवा बुजतात. याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. आजारानंतर सहा-आठ आठवडे उलटूनही जलद श्वास, छातीत चरचर, थोड्या खेळानं दमणं आणि साल्बुटामॉलनं जवळजवळ फरक न पडणं, हे त्याचं चित्र. बऱ्याचदा यावर "दमा" असा शिक्का बसतो आणि वर्षभर औषधं नुसती वाढत जातात.

निदानाला छातीचा सीटी स्कॅन लागतो. त्यात फुप्फुसाचे काळे-पांढरे तुकडे फरशीच्या नक्षीसारखे दिसतात. बुजलेली नळी औषधानं उघडत नाही. सुरुवातीच्या काळात स्टेरॉइड वापरून बघतात, पण मुख्य भर असतो वजन वाढवण्यावर, नवे संसर्ग टाळण्यावर, लसींवर आणि लागेल तसा घरी ऑक्सिजन देण्यावर. बरीचशी मुलं वर्षानुवर्षं स्थिर राहतात, आणि वाढत्या वयाबरोबर नवं फुप्फुस तयार होत गेल्यानं काहींची धाप कमीही होते.

महिना झाला, ओला खोकला. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणतात.

कोरडा आणि ओला हा फरक महत्त्वाचा. चार आठवड्यांहून जास्त रोज ओला, गुळगुळणारा खोकला हा "सर्दीचा शेवट" नव्हे. विषाणूनं अस्तर खरवडलं, तिथं जंतूंनी घर केलं, असा हा प्रकार असतो. इथं मात्र अँटिबायोटिक खरोखर लागतं, आणि तेही पाच दिवस नाही, निदान दोन आठवडे. अर्धवट सोडलं की परत येतो. वर्षात तीनापेक्षा जास्त वेळा असं झालं तर नळ्या कायमच्या रुंदावल्या आहेत का ते तपासायला हवं.

आपल्याकडं क्षयरोग विसरून चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन घटणं किंवा न वाढणं, घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

आणि एकदम, जेवता-खेळता ठसका लागून सुरू झालेला खोकला, एकाच बाजूला घरघर, एकाच बाजूचा पुन्हापुन्हा न्यूमोनिया: शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी आठवा. भुईमूग काढणीच्या दिवसांत ही गोष्ट मुद्दाम विचारायला हवी. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ असला तरी दुर्बिणीनं बघावं लागतं.

जन्मापासून नाक सतत भरलेलं, तेलकट-दुर्गंधी शी, घामाला-पाप्याला खारट चव, कानातून वारंवार पू, हृदय उजवीकडं असणं, अशा खुणा असतील तर मागं दुर्मिळ जन्मजात आजार असतो. तो ओळखायला मोठ्या केंद्रात पाठवतात.

बाळ सातव्या महिन्यात झालं, दीड महिना पेटीत ऑक्सिजनवर होतं. घरी काय जपायचं?

या बाळांचं फुप्फुस आधीच नाजूक असतं, त्यांच्यासाठी आरएसव्ही म्हणजे साधी सर्दी नव्हे. पहिला पावसाळा आणि हिवाळा पार पडेपर्यंत बारसं घरातल्या घरात करा. बाळाला घेण्यापूर्वी साबणानं हात, आजीनंही आणि बाबांनीही. सर्दी झालेल्या पाहुण्यानं दारातूनच बघायचं, वाईट वाटलं तरी चालेल. मोठं भावंडं शाळेतून आलं की हात-तोंड धुऊन कपडे बदलून मगच जवळ. गणपतीची गर्दी, जत्रा, भरलेली एसटी टाळा.

आरएसव्हीविरुद्धची प्रतिपिंडाची इंजेक्शनं आणि गरोदरपणी घ्यायची लस आता जगात वापरात आहेत. तुमच्या बाळाला ती लागू आहेत का आणि कुठं मिळतील, हे घरी सोडतानाच विचारून घ्या. घरी ऑक्सिजन मशीन असेल तर वीज गेल्यावर चालेल असा छोटा सिलिंडर हवा, आणि चूल, निरांजन, अगरबत्ती त्या खोलीत अजिबात नको.

लसी कोणत्या?

सरकारी वेळापत्रकातल्या आधी पूर्ण करा, त्या मोफत आहेत. न्यूमोकोकलची लस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, ६, १०, १४ आठवड्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसराच डोस जास्त चुकतो, विशेषतः ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेल्या कुटुंबांत. जिथं असाल तिथल्या उपकेंद्रात तो मिळतो, गावी परतायची वाट बघू नका.

फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही. सहा महिन्यांपासून देता येते आणि दरवर्षी घ्यावी लागते. नऊ वर्षांखाली पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. दमा किंवा कोणताही जुनाट फुप्फुसविकार असलेल्या मुलाला ती एप्रिल-मेमध्ये द्या, म्हणजे पावसाआधी ताकद तयार होते. ऑक्टोबरमध्ये आठवण झाली तर आपल्याकडचा मोठा हंगाम निघून गेलेला असतो.

औषधाच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणलं तर?

विषाणूच्या खोकल्याला त्याचा उपयोग नाही, धोका आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे. वर्षापुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध त्यापेक्षा बरा. वर्षाखाली मध चाटवू नका, बाळगुटीतूनही नाही.

माँटेलुकास्टचं पातळ औषध आपल्याकडं सर्दीला सर्रास दिलं जातं. सर्दीवर ते काम करत नाही. दम्यासाठी दिलं असेल तर वाईट स्वप्नं, चिडचिड, झोप उडणं यांवर लक्ष ठेवा आणि तसं दिसलं तर डॉक्टरांना कळवा.

तापाला पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम दर किलोला, सहा तासांच्या अंतरानं. घोळ बाटलीत होतो. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते ६ मिली, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ३ मिली, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या थेंबांतून फक्त दीड मिली. "मागच्या वेळेसारखं एक झाकण" असं कधीच नको.

आजीचे उपाय: छातीला बिब्बा, नाकात तेल, ओव्याची धुरी, गरम पाण्याची वाफ?

कोमट कपड्यानं हलका शेक, कोमट पाणी, पातळ भात, सूप: खुशाल. बिब्ब्यानं कातडी जळते आणि व्रण राहतो. नाकात तेल घातलं तर ते फुप्फुसात उतरून स्वतःच वेगळा न्यूमोनिया करतं, आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. धुरी म्हणजे धूर. पातेल्यातल्या वाफेनं फायदा फारसा नाही, भाजलेली मुलं मात्र दर हिवाळ्यात येतात.

केळी, दही, पेरू बंद करायची गरज नाही. सर्दी विषाणूनं होते, केळ्यानं नाही. चांगलं खाणारं मूल लवकर उठतं. फक्त गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा खाल्ल्यावर काही दमेकरी मुलांना खोकला लागतो. तसं लक्षात आलं तर तेवढा टाळा.

धुराचा आणि विषाणूचा काय संबंध?

धुरानं ती लव लुळी पडते, मग विषाणू खोल जातो आणि जास्त दिवस राहतो. आपल्या भागातले धूर ओळखीचे आहेत. चूल. तव्यावर भाजलेली मशेरी, जिचा खकाणा मोठ्या माणसालाही ठसका लावतो. ती मूल घरात असताना भाजूच नका. डासांची कॉइल. बंद खोलीतला धूप. उसाचा फड तुटल्यावर पेटवलेलं पाचट: शेजारचं रान पेटणार असेल तर त्या संध्याकाळी मुलाला दुसरीकडं हलवा. तासगाव-कवठेमहांकाळकडं फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी असते. त्यातला वायू दम्याच्या मुलाची छाती काही मिनिटांत आवळतो, तेव्हा कामाला जाताना मूल सोबत नेऊ नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या कृष्णाकाठच्या घरांत भिंतींना ओल आणि बुरशी राहिली आहे. वर नुसता रंग मारला की बुरशी खालून परत येते. गिलावा खरवडून, पूर्ण वाळवून मग रंग द्यावा. खरवडताना मूल घरात नको. कपाट-पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

विषाणू कोणता ते तपासायचं का? ॲलर्जीचं पॅकेज?

विषाणूंची मोठी यादी तपासणारी चाचणी महाग आहे आणि बहुतेक वेळा तिनं उपचार बदलत नाहीत. अतिदक्षता विभागातलं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल हा अपवाद. दर सर्दीला एक्स-रे नको. रक्तातल्या ॲलर्जीच्या लांबलचक याद्या पाहून घरात दूध-गहू बंद करण्याआधी दहा वेळा विचार करा. पाच-सहा वर्षांपुढं फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची चाचणी, स्पायरोमेट्री, मात्र कामाची आहे, ती मूल बरं असताना, म्हणजे मधल्या दिवसांत करायची.

डॉक्टरकडं जाताना काय न्यायचं?

पंप आणि स्पेसर दोन्ही, आणि तिथं प्रत्यक्ष देऊन दाखवा. जुने एक्स-रे, भरतीची कागदपत्रं, लसीचं कार्ड, वजनाची नोंद. मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, उघड्या छातीचा आणि आवाजासह, कारण पालक ज्याला घरघर म्हणतात ती कधी नाकातली खरखर निघते. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक खूण: खोकला दिवसा, खोकला रात्री, तातडीचा पंप लागला, शाळा बुडाली, किंवा काहीच नाही. दोन महिन्यांची अशी दोन पानं फाडून आणली तरी पुरेत. त्यातले कोरे चौकोन किती, हेच डॉक्टर आधी मोजतात.